छापील बाजू आत

लंबू जाहिरातींचे फलक टांगायचा. लोखंडी सांगाड्यावर चढायचं, जुना फ्लेक्स सोडवायचा, नवा ताणून बांधायचा आणि उतरायचं. एवढ्या वर्षांत त्याने लोकांच्या डोक्यावर साबण टांगले, दागिने टांगले, पुढारी टांगले आणि सगळ्यात जास्त दारू टांगली. पण काय टांगलं, हे विचाराल तर त्याला धड सांगता यायचं नाही. सांगाड्याला बिलगलेल्या माणसाला चित्र कुठलं दिसायला? नाकासमोर नुसते रंगांचे ठिपके. त्याला फ्लेक्स कळायचा तो जाडीवरून आणि कडेच्या भोकांवरून.

घरात धाकटा भाऊ, भावजय आणि हा. लंबूचं लग्न झालं नाही. माझ्याकडे वर बघून मुलींची मान दुखते, असं कारण तो सांगायचा.

धाकटा मोटारी वाइंड करायचा. केसासारखी तांब्याची तार न तुटता गुंडाळणारा त्याचा हात. दारूने त्या हाताची अशी दशा केली की कपातला चहा बशीत आणि बशीतला मांडीवर. शेवटी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. परत आला तेव्हा थरथर थांबली होती, पण भरवसा कोणालाच नव्हता, त्याला स्वतःलाही. बाटली, पेला नजरेससुद्धा पडू देऊ नका, असं केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून धाकटा कामावर जाताना चौक टाळून मागच्या बोळातून जायचा. चौकात दादाने टांगलेला सोनेरी पेला होता, बर्फासकट.

भावजयीच्या जिभेला हाड नव्हतं. "तुम्ही टांगा, दादा," भाजी निवडता निवडता ती म्हणायची. "आम्ही इकडे सांभाळत बसतो."

"चित्र बघून कोणी पितं का?" लंबू म्हणायचा. "मी साबण टांगला म्हणून तू चारदा अंघोळ करतेस का?"

हे बोलणं मुळात त्याच्या ठेकेदाराचं. लंबूने ते उचललं होतं, कारण ते पटवून घेतल्याशिवाय शिडी चढणं जड जायचं.

मग सरकारने दारूच्या जाहिरातींवर बंदी घातली. टीव्हीवर कोटवाले तावातावाने भांडले. एक म्हणे, प्यायचे ते पिणारच. दुसरा म्हणे, मग कंपन्या एवढा पैसा काय दानधर्म म्हणून ओततात? लंबूला दुसऱ्याचा राग आला, त्याने चॅनेल बदललं. भावजयीने त्या दिवशी जेवणात गोड केलं. धाकटा कित्येक दिवसांनी चौकातून चालत घरी आला आणि म्हणाला, "दादा, चौक केवढा मोठा आहे रे."

पुढच्याच आठवड्यात भावजयीच्या आईचं ऑपरेशन निघालं. ती माहेरी निघाली तेव्हा तोंडात एकही टोमणा नव्हता. "यांना तुमच्यावर सोडून चालले आहे, दादा," एवढंच म्हणाली.

उतरवलेला फ्लेक्स उतरवणाऱ्याचा, असा या धंद्यात रिवाज. कोणी त्याने टेम्पो झाकतं, कोणी लाकडं. लंबूने चौकातला घरी आणला. धाकट्याची खाट मागच्या खोलीत, आणि तिथले पत्रे गंजून त्यांची चाळण झालेली. लंबूने पत्रे काढले आणि पाइपांवर फ्लेक्स ताणून बसवला. पांढरी बाजू बाहेर, छापील बाजू आत. छपाईला ऊन लागलं की ती तडकते आणि कापड गळायला लागतं, हे टांगणाऱ्यांना सांगावं लागत नाही. दिवसभर राबून तो उतरला. खाली धाकटा शिडी धरून उभा होता. तो आत गेला, वर बघितलं, बाहेर आला.

"छान झालं, दादा," तो म्हणाला.

लंबूही आत डोकावला. पण उभा राहिला की त्याच्या डोक्यात आणि छपरात वीतभर अंतर उरायचं. त्याला इथेही ठिपकेच दिसले.

त्यानंतर धाकट्याने खाट फिरवून बघितली. मग तो चादर डोक्यावरून घेऊन झोपायला लागला. "बायको माहेरी गेली म्हणून तूच पदर घ्यायला लागलास का रे?" लंबूने थट्टा केली. धाकटा चादरीतूनच हसला.

एका दुपारी वाइंडिंगच्या दुकानाचा मालक दारात येऊन विचारून गेला, आज धाकटा का आला नाही म्हणून. लंबू तसाच चपला घालून निघाला. दोन-चार ठिकाणी शोधून तो परत आला, खाटेवर बसला आणि पाठ टेकवली.

वर ऊन होतं. फ्लेक्समधून ते आत झिरपत होतं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत तो पेला पेटल्यासारखा सोनेरी दिसत होता. काचेवर थेंब, आत बर्फ, बाजूला एक सुखी माणूस. लंबूने आपलं काम पहिल्यांदाच इतकं धड पाहिलं. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या लंबूच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मग त्याला स्वतःची अशी शिसारी आली की तो उठून अंगणात जाऊन बसला.

संध्याकाळी धाकटा भिंत धरून आला.

"सांगितलं का नाहीस?" लंबूने विचारलं.

"तू दिवसभर उन्हात वर होतास. काढ म्हणून कसं सांगू?" धाकट्याची जीभ जड झाली होती. "डोळा उघडला की समोर तोच, दादा. अंथरुणाला मागचा बोळ कुठे असतो?"

सकाळी लंबू छपरावर चढला आणि दोऱ्या सोडून फ्लेक्स उलटा केला, छापील बाजू बाहेर. भावजय आज परतणार होती. शेवटची गाठ मारताना ठेकेदाराचा फोन आला.

"कंपनीने वाट काढली बघ. तेच चित्र, तोच पेला, खाली फक्त 'सोडा' लिहायचं. नवीन छापण्यापेक्षा जुन्यावरच पट्टी चिकटवू. चौकातला तुझ्याकडे आहे ना?"

"फाटला," लंबू म्हणाला.

"फाटू दे. नवा छापून घेतो. अरे, चित्र बघून कोणी पितं का?" ठेकेदार हसला. "चढायला येशील ना पण?"

फोन कानाला धरूनच लंबू शिडी उतरला. खिडकीतून खाट दिसत होती. तिच्यावर आता कोरं पांढरं छप्पर होतं, आणि धाकटा चादर डोक्यावरून घेऊन झोपला होता.

"येतो," लंबू म्हणाला.