डगचा कोवळा रॉड

मी एका कॅनेडियन माणसाचा फिशिंग रॉड भेंडी समजून मोडला.

हा माणूस म्हणजे डग, ओटावातल्या आमच्या गल्लीतला आमचा एकुलता एक मित्र. पहिल्याच हिवाळ्यात न सांगता आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून देणारा देवमाणूस! त्यानं शनिवारी गोठलेल्या नदीवर मासे पकडायला बोलावलं, तेव्हा माझी बायको शलाका म्हणाली, "जाऊ या. पण तू नीट वाग हं! हा माणूस तुटला तर इथे आपल्याशी बोलायला कुणी नाही."

आदल्या दिवशी डगनं त्याच्या गॅरेजमध्ये दोन रॉड पुढे धरले. जेमतेम दीड हात लांब, आणि टोक उदबत्तीच्या काडीहून बारीक! (थंडीनं सुस्तावलेल्या माशानं नुसतं तोंड लावलं तरी ते हलायला हवं ना!)

"पिक वन, बडी. फील द टिप."

आता मी पुण्याचा. आईनं मंडईत मला पक्कं शिकवलंय, भेंडी घेताना टोक मोडून बघायचं, कट्‌कन मोडलं तर कोवळी. निवडायला काहीही हातात आलं की माझा अंगठा माझं ऐकत नाही.

कट्!

"वा, कोवळा आहे!" मी म्हणालो. (नशीब, मराठीत!)

डगनं टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दॅट वॉज माय गुड वन," तो हळूच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लगेच दुकान गाठलं. दारातच शलाकानं हुकूम सोडला, "हात खिशात!" तिनं तस्साच रॉड निवडला, मी लांबून मान डोलावली. आता याला ओरखडाही उठता कामा नये! आधी लोकरीचा मोजा, त्यावर बबल रॅप, मग ते सगळं प्लास्टिकच्या पाइपात कोंबून वर अख्खं टेपचं रीळ. मागच्या सीटवर ठेवून त्याला बेल्टही लावला.

"डॅड, यू नेव्हर ड्राइव्ह धिस स्लो फॉर मी!" शेजारी अंग चोरून बसलेली आमची ईरा म्हणाली.

शनिवारी नदीवर मी तो पाइप डगला अर्पण केला. ग्लोव्हज काढून तो दहा मिनिटं टेप सोडत होता. बोटं निळी पडायला आली.

"इज देअर अ रॉड इन हिअर?"

"येस, येस! व्हेरी सेफ!"

टेप सुटली, पण आतलं बोचकं निघेना. "थांब, मी मदत करतो!" म्हणत मी पाइप धरला, त्यानं मोज्याचं टोक धरलं, आणि दोघांनी जीव खाऊन ओढलं.

कट्!

शलाकानं डोळे मिटून घेतले. संपलं, आता पुढचा हिवाळा आपण एकट्यानं उपसायचा, असं मी मनाशी म्हणतोय तोच डग मटकन बर्फावर बसला आणि पोट धरून इतका हसला की शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर आली!

तेव्हापासून तो आम्हाला दर शनिवारी नेतो. एक रॉड शलाकाला देतो, एक ईराला. माझ्याकडे चहाचा स्टीलचा थर्मास असतो, आणि तो मी दोन्ही हातांनी धरलाय ना, हे डग मधूनमधून वळून बघतो.