बिनमाणसाचं बोलणं

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. व्याकरणाच्या पुस्तकाला मी हात लावलेला नाही. तरी सोलापुरात गिरणीच्या मागखात्यात मी सात-आठ महिने अशी भाषा बोललो, की पंतोजींनी माझे पाय धरले असते.

त्याचं असं झालं. माझ्याच गल्लीतला, दोन वर्षांनी धाकटा, तुटल्या धाग्याची गाठ मारायला माझ्याकडूनच शिकलेला दोस्त आमच्या खात्यात जॉबर झाला. कामावर कुणाला घ्यायचं, रजा कुणाला द्यायची, सगळं त्याच्या हातात. जॉबरला 'अहो' म्हणायची रीत. मी म्हणणार? ज्याला मी विहिरीत पोहायला शिकवलं, त्याला? आणि 'अरे' म्हणावं तर चारचौघांत त्याची शोभा, वर माझी नोकरी.

मग मी अक्कल लढवली. बोलण्यातला माणूसच काढून टाकला. 'माग बंद पडलाय.' 'जरा बघायला पाहिजे.' 'चहा झाला का?' मला वाटायचं, कुणाला कळत नाही. शेजारच्या मागावरचा तेलुगू साळी जेवणाच्या सुट्टीत हुबेहूब असंच बोलून दाखवायचा आणि सगळे लोळायचे. मीही हसायचो. दुसऱ्याच कुणाची तरी नक्कल करतोय, असं वाटायचं मला!

एक दिवस केमहून, बायकोच्या माहेराहून, सांगावा आला. मुलगा झाला, पण बाळंतिणीचं काही खरं नाही, लगेच निघा. मी खात्याच्या दाराशी जॉबरला गाठलं.

"चार दिवस रजा मिळावी."

"कुणी द्यावी?"

"मिळाली म्हंजे बरं."

"आरं, मी काय खांब हाय व्हय? अरे म्हण, अहो म्हण, शिवी दे. पर मला कायतरी म्हण की!"

तो पोटातून बोलत होता, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, हा माझं नाक घासून घेतोय. गाडीची वेळ झालेली. मी कोपरापासून हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "अहो जॉबरसाहेब, तुमी रजा द्या!"

लोक हसले. तो हसला नाही. चिठ्ठी लिहून त्यानं हातात दिली. "जावा तुमी."

बायको वाचली. परत आल्यावर मी पेढे घेऊन त्याच्या दारात गेलो. म्हटलं, "आरं, घे की."

त्यानं पेढा घेतला, कपाळाला लावला. म्हणाला, "तुमाला मुलगा झाला, लई आनंद वाटला. बसा, च्या घेऊन जावा."