डाव्या बाजूची साखळी

किसनदादा गेल्याचा निरोप इचोड्याहून शाळेत फोनवर आला, तेव्हा मी हजेरी घेत होतो. हजेरी पूर्ण केली. खरं सांगायचं तर आमचं बोलणं सहा वर्षांपासून बंद होतं.

दादा ट्रकचे मिस्त्री. ऐंशीच्या दशकात गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते पोरांना वजन उचलायला शिकवत. पहिला महिना नुसती लोखंडी दांडी. "पाठ सरळ, नजर समोर. वजन कुठी पळून नाही चाललं," म्हणायचे. महिन्यानंतर ज्यानं त्यानं आपल्या दहा-दहा किलोच्या दोन सिमेंटच्या चकत्या घमेल्यात स्वतः ओतायच्या, हा त्यांचा नेम. माझी पहिली चकती वाळल्यावर घमेल्यातून काढून तोलली. दुसरीच्या वेळी बस सुटायला आली होती. तोलली, काटा दहावर आला, लाल रंगानं आकडा लिहिला आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी दांडी उचलली तर उजवीकडे कलंडली. पोरं खिदळली. "डाव्या हाताले भाकर नाई भेटली का बे?" आमच्या तामसीकडच्या मजुराच्या घरात भाकरीची थट्टा होत नसे. शाळेतला कबड्डीचा संघ मी असल्याच हसण्यापायी सोडला होता. मी सदरा चढवला.

"काऊन रे, चालला?" दादा म्हणाले. "चकती घसरून राह्यली तुही. उद्या ये, साखळी बांधतो."

दुसऱ्या दिवशी डाव्या चकतीला ट्रकची जुनी साखळी गच्च आवळलेली होती. दांडी सरळ उठली. मग मी तिथं पाच वर्षं टिकलो, मंचेरियलच्या स्पर्धेत तिसरा आलो.

परत आल्यावर म्हटलं, "दादा, आता तरी साखळी काढा. शेडमध्ये एकट्या माझ्याच दांडीला आहे."

"राहू दे. मले भरोसा नाही."

सगळ्यांसमोर म्हणाले. ते मला फार लागलं. मास्तरची नोकरी लागली, इचोडा सुटलं, मीही फिरकलो नाही... अकड, दुसरं काय.

तेराव्यानंतर दादांच्या पत्नी सुमनवहिनी म्हणाल्या, "तुमचं लोखंड घेऊन जा भाऊजी, शेड खाली करून राह्यलो." साखळी सोडून दांडी उचलली. उजवीकडे कलंडली. गॅरेजच्या काट्यावर तोललं तेव्हा उजवी चकती दहा भरली, डावी आठ. घमेलं! त्या दिवशी बसच्या घाईत मी घमेल्यासकट तोललं होतं. मग साखळी काट्यावर ठेवली. दोन किलो, बरोब्बर. एका टोकाच्या कड्या कानशीनं घासून कापलेल्या होत्या.

मला रडू आलं, आणि दादांचा रागही आला. सांगायचं ना, भल्या माणसा! पण सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी बस धरली असती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा भरोसा माझ्या चकतीवर नव्हता, एवढंच.

दांडी आता माझ्या पडवीत आहे. नवी चकती ओतायला अर्धा दिवस पुरेल. मी साखळीला तेल लावलं, आणि पुन्हा डावीकडे बांधली.