कुसुमच्या वाट्याचा बर्फ

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं, तिच्याजवळ तर नाहीच. मग तुमच्याजवळ का बोलते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एकच कारण सुचतं.

माझ्याबद्दल लोकांना जे ठाऊक आहे ते खरं आहे. मी नागपूरची. जन्मभर दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाचा अभ्यास केला. त्या बर्फात थरावर थर असतात, थरांत जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. त्यावरून हजारो वर्षांपूर्वी पृथ्वी किती गार होती, कधी तापली, ते काढता येतं. हे काम मी नीट केलं. एकही आकडा खोटा लिहिला नाही. मुद्दाम सांगते — माझा खोटेपणा कोणाला कागदावर सापडणार नाही.

तो कुसुमच्या आयुष्यात सापडेल.

कुसुम माझी कॉलेजातली मैत्रीण, नरखेड तालुक्यातल्या खेड्यातली. घरचा संत्र्याचा बगीचा. आईवडील लवकर गेले, वाढवलं मोठ्या भावानं — खरं म्हणजे भावाच्या बायकोनं, शांतावहिनीनं. पोरीला इतकं शिकवून काय करायचं, असं भाऊ म्हणाला तेव्हा वहिनीच अडून बसली होती. एसटीनं वहिनी नागपूरला कुसुमच्या होस्टेलवर यायची, पिशवीत लाडवांचे दोन डबे. एक कुसुमचा, एक माझा. हो, माझाही.

एम.एस्सी.ला असताना आमची सहल चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठी गेली. तिथल्या खडकावर ओरखडे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या मुलखावर बर्फ पसरलेला होता, तो सरकताना उमटलेले. खडकाला हात लावला तर चटका बसत होता, आणि सर सांगत होते, इथे बर्फ होता! पोरं हसली. कुसुम हसली नाही. ती त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिली. मला म्हणाली, "नंदे, असा बर्फ आताही कुठं असनच नं वं? आपन पाह्यचा." बर्फाचं वेड तिचं होतं. मी ते तिच्याकडून घेतलं.

त्याच दुपारी, बाकीचे पुढे गेलेले असताना, ती पडली. हातपाय ताठ, डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले. ती शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे — "कोनाले सांगू नको वं." चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पाहिलं. उन्हानंही होतं असं, म्हणाले, पुन्हा झालं तर दाखवा. पुन्हा कधीच झालं नाही. पण आमच्याकडे मुलीला मिरगी येते एवढी कुजबूज पुरते, लग्न व्हायचं नाही. म्हणून ते तिघींतच राहिलं. कुसुम, मी, आणि वहिनी — तिला कुसुमनं स्वतःच सांगितलं होतं.

पुढे आम्ही दोघी नागपुरातच एका संशोधन केंद्रात लागलो. ऐंशीनंतर आपल्या देशाची माणसं जहाजानं अंटार्क्टिकाला जाऊ लागली, मग बायकांचीही नावं मागवली गेली. आमच्या केंद्रातून एकीलाच पाठवायचं होतं. नावं दोन. काम कुसुमचं चांगलं होतं. मला ते ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं, आणि ते तिलाच पाठवणार, हे शिपायापर्यंत सगळ्यांना दिसत होतं.

राग आला का मला? नाही, राग नव्हता — तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्यासाठी खूश होते. तिच्याबरोबर सीताबर्डीला लोकर घ्यायला गेले होते मी. आणि रंग निवडताना आतून सारखं वाटत होतं — मी इथेच राहीन. ही बर्फ पाहून येईल, आणि मी हिने आणलेल्या बर्फाची मोजमापं करीन.

तपासणी सरकारी दवाखान्यात झाली. दोघींचं सगळं चांगलं निघालं. आम्ही बाहेर आलो, कुसुम सायकल काढायला गेली. इथे — इथे मला थांबावंसं वाटतं. तुम्हाला वाटेल, डॉक्टरांनी मला काही विचारलं असेल. कोणीही विचारलं नव्हतं. छत्री राहिली असं सांगून मी परत आत गेले. छत्री माझ्या हातात होती.

डॉक्टर हात धूत होते. मी म्हणाले, "मला तिची काळजी वाटते म्हणून सांगते." आवाज इतका गोड निघाला की तो अजून मला ऐकू येतो. मग सांगितलं. डॉक्टरांनी माझे आभार मानले.

मी बाहेर आले. कुसुमनं विचारलं, "इतका उशीर काहून?" मी म्हटलं, छत्री सापडत नव्हती.

तिला पुन्हा बोलावलं गेलं. कधी फिट आली होती का, असं डॉक्टरांनी सरळ विचारलं. ती नाही म्हणू शकली असती. पुरावा कुठे होता? ती म्हणाली, हो, एकदा. आणि तिचं नाव कटलं.

एवढंच असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. समजावलंही, खूप वर्षं — तिथे बर्फातल्या भेगांवरून चालताना फिट आली असती तर? मी तिचा जीवच वाचवला नाही का? पण त्या दिवशी दवाखान्यात माझ्या मनात तिचा जीव नव्हता. हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून ती पळवाट मी घेत नाही.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे.

बातमी दवाखान्यात थांबली नाही. ऑफिसात आली, ऑफिसातून नरखेडच्या एसटीत बसली. काटोलच्या एका मास्तराशी कुसुमचं जुळत आलं होतं, ते मोडलं. ती माझ्या खोलीवर आली, भिंतीला टेकून बसली. रडत नव्हती. म्हणाली, "कोनं सांगतलं असन वं? मले समजूनच नाही राह्यलं." आणि माझ्याकडे पाहिलं — संशयानं नव्हे हो. मी उत्तर शोधून देईन, या विश्वासानं.

मी गप्प राहू शकत होते. माहीत नाही, असं म्हणू शकत होते. मी म्हणाले, "वहिनीचा भाऊ त्याच दवाखान्यात कंपाउंडर आहे ना?"

बस. एवढंच. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. 

त्या दिवाळीत ती गावी जाऊन वहिनीशी भांडली. वहिनीनं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. कुसुमनं मानली नाही. भावानंही बहिणीची बाजू घेतली, आणि कंपाउंडर मेहुण्याला दार बंद झालं. म्हणजे वहिनीचं माहेरच तुटलं. कुसुमनं गावी जाणं सोडलं. मी डिसेंबरात गोव्याहून जहाजावर चढले. निघताना कुसुम नागपूरच्या स्टेशनवर मला पोचवायला आली होती. तिनं स्वतःसाठी विणलेला स्वेटर मला दिला.

बर्फ कसा होता, ते मी पुष्कळ भाषणांतून सांगितलं आहे. इथे सांगणार नाही.

परत आल्यावर सत्कार झाले, शाली मिळाल्या. एका दुपारी दारात शांतावहिनी उभी. पिशवीत संत्री. मी बसवलं, चहा ठेवला. ती कपाला हात न लावता म्हणाली, "ताई, कुसुम तुमचं आयकते. तुमी सांगा तिले, म्या नाही सांगतलं मनून."

मी म्हटलं, बोलते मी तिच्याशी.

मग ती हळूच म्हणाली, "आमा तिघींबगर कोनाले ठाव होतं, ताई?"

ती सरळ माझ्याकडे पाहत होती. तिला कळलं होतं का? आजही मला ठरवता येत नाही. कळलं असेल तर तिनं ते माझ्या तोंडातून निघायची वाट पाहिली. त्या वेळी घरात कोणी नव्हतं. एक वाक्य — फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "काय माहीत, वहिनी. चहा गार होतोय."

तिनं चहा घेतला. संत्री ठेवली आणि गेली. मी कुसुमशी त्याबद्दल बोलले नाही.

काही वर्षांनी वहिनी काविळीनं गेली. कुसुम जायला तयार नव्हती. जा, असं मीच म्हटलं, मोठेपणानं म्हटलं. तेरावं करून ती परत आली आणि माझ्याकडेच उतरली. हातपाय धुऊन बसली. मग म्हणाली, "दादा सांगत होता, शेवटपर्यंत माझं नाव घेऊन राह्यली होती. पन कबूल नाही केलं तिनं. मरतानाबी नाही."

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. आणि म्हणाले, "असतात गं काही माणसं तशी."

कुसुम पाणी प्याली. "हो वं," म्हणाली.

ती आजही आहे. बहुतेक रविवारी माझ्याकडे जेवायला येते.