गोंधळ नावाचा व्हॉल्यूम ग्रुप

जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात मी पोस्टडॉक म्हणून रुजू झाले तेव्हा आमच्या लॅबच्या सर्व्हरवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. समुद्राच्या तळाशी ठेवलेली यंत्रं पाण्याचा दाब मोजून त्याचे आकडे अखंड पाठवत असायची आणि त्यातला निम्म्याहून जास्त डेटा माझ्या कामाचा होता. नव्या डिस्क आल्या तेव्हा प्रोफेसर म्हणाले, "जागा तूच जास्त खातेस, तेव्हा त्या जोडायच्याही तूच."

शिकवायला होते आमच्या लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. साठीला आलेले, टापटिपीचे, माऊसला हातही न लावणारे. सगळं काम काळ्या पडद्यावर, टाईप करून. त्यांनी मला जपानीत, सावकाश समजावलं : आधी प्रत्येक डिस्कवर 'पीव्हीक्रिएट' चालवायचं, म्हणजे ती सामील व्हायला तयार होते. मग 'व्हीजीक्रिएट' लिहून सगळ्या डिस्कचं मिळून एकच गाठोडं बांधायचं. त्याला म्हणायचं व्हॉल्यूम ग्रुप. त्या गाठोड्यातून पुढे ज्याला जेवढी हवी तेवढी जागा कापून द्यायची.

इथवर सोपं होतं. अवघड होती त्यांची पद्धत. इथले आगगाडीचे ड्रायव्हर सिग्नलकडे बोट रोखून मोठ्यांदा 'योशी!' म्हणतात, म्हणजे 'ठीक आहे!' हे गृहस्थ कमांडच्या बाबतीत तेच करायचे. डिस्कच्या नावावर बोट, "योशी!" पुढच्या नावावर बोट, "योशी!" आणि मगच एंटर. मला हसू आवरेना. मी खोकल्याचं निमित्त केलं, तर त्यांनी काळजीने मला मास्क आणून दिला. मास्कच्या आड मग मी मनसोक्त हसले.

शेवटच्या डिस्कला पडदा अडला. हिच्यावर आधीचं काहीतरी आहे, पुसू का, असं विचारत होता. मी होकाराचा 'वाय' दाबणार तोच ते ओरडले, "थांबा!" ती डिस्क नवी नव्हतीच, कुणीतरी कपाटातली जुनी खोक्यात घातली होती. उघडून पाहिलं, तर पूर्वीच्या कुणा विद्यार्थ्याने कराओकेत गायलेल्या गाण्यांचं रेकॉर्डिंग निघालं. त्यांनी एक गाणं अर्ध्यापर्यंत ऐकलं, बोट रोखलं आणि म्हणाले, "पुसा. योशी!"

आता नाव द्यायचं राहिलं. आधीच्या ग्रुपना आसपासच्या डोंगरांची नावं होती. ते म्हणाले, "डेटा तुमचा आहे, नाव तुम्ही ठेवा."

माझ्या डेटाची अवस्था मला ठाऊक होती. एकाच फाईलच्या पाच प्रती, त्यातली 'शेवटची' कुठली आणि 'खरोखर शेवटची' कुठली ते माझं मला कळत नव्हतं. मी रोमन अक्षरांत टाईप केलं : गोंधळ.

"अर्थ काय?"

त्यांच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहून खरं सांगायचा धीर झाला नाही. आणि खोटं सांगायची गरजही नव्हती. मी म्हटलं, "आमच्याकडे लग्नकार्य पार पडलं की देवीपुढे गोंधळ घालतात. संबळ, तुणतुणं, झांज, गाणारे, सगळे मिळून देवीला आवाहन करतात."

ते खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "वेगवेगळी वाद्यं, पण मिळून एक," ते म्हणाले. "व्हॉल्यूम ग्रुपला याहून चांगलं नाव नाही." आणि पडद्याला किंचित मान लववून त्यांनी एंटर दाबलं.

त्यानंतर लॅबभर त्यांचे ईमेल येऊ लागले. 'गोंधळ जवळजवळ भरला आहे. कृपया प्रत्येकाने आपापला गोंधळ आवरावा.' 'उद्या सकाळी गोंधळ बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' 'गोंधळ पूर्ववत सुरू झाला आहे. सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार.'

शेजारच्या लॅबमध्ये एक कोल्हापूरची मुलगी पीएचडी करत होती. त्यांचा डेटाही आमच्याच सर्व्हरवर असल्याने तिलाही हे मेल जायचे. पहिलाच मेल वाचून ती जिना चढून माझ्याकडे आली आणि दारातच हसत खाली बसली.

"ताई, हे तुम्हीच केलंय ना?"

"मी फक्त एकच अर्थ सांगितला."

"दुसरा मी सांगू का त्यांना?"

तिचं तोंड बंद ठेवायला मला दर शनिवारी साबुदाण्याची खिचडी करावी लागली. साबुदाणा निशी-कसाई नावाच्या भारतीय वस्तीतल्या दुकानातून मागवायचा, दाणे इथलेच भाजायचे. मुलगी बारीक चणीची होती, पण खायची मात्र कोल्हापूरसारखं.

प्रकरण वाढलं ते बोनेनकाईत, म्हणजे लॅबच्या वर्षअखेरच्या जेवणात. प्रोफेसरांनी जाहीर करून टाकलं की यंदा भारतीय सहकारी खरा गोंधळ सादर करतील. मला गाता येत नाही. खरा गोंधळ मी आयुष्यात एकदा, मावशीच्या लग्नात पाहिलेला, तोही पेंगत. मी कोल्हापूरकडे धाव घेतली.

"देवी आमच्या गावची आहे ताई," ती म्हणाली, "तुम्ही फक्त मागे उभं राहा."

हॉटेलच्या चटईवर तिने दोन बादल्या पालथ्या घालून संबळ केला. दिवटीची आग लावू देणार नव्हते, म्हणून मी मोबाईलचा टॉर्च धरून उभी. एका विद्यार्थ्याने गिटारची एकच तार छेडून तुणतुणं वाजवलं. पोरीचा आवाज खणखणीत निघाला. "आईचा उदोऽऽ" म्हटलं की सगळ्यांनी "उदो!" म्हणायचं, असं ठरलं होतं.

"उदो?" आमचे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले. "वसंतात डोंगरावर येते ती भाजी?"

इथे 'उदो' नावाची रानभाजी आहे खरी. हा भाजीचा जयजयकार आहे असं समजून लोक जास्तच चेवाने ओरडू लागले. शेजारच्या खोलीतलेही दार सरकवून सामील झाले.

टाळ्या थांबल्यावर प्रोफेसरांनी विचारलं, "भारतात हा 'गोंधळ' शब्द घरोघरी म्हणत असतील, नाही?"

"हो," ती मुलगी बिअरच्या भरात म्हणाली, "माझी आई रोज म्हणायची : खोलीत काय गोंधळ घातलायस!" आणि तिने त्याचं चोख जपानी भाषांतर केलं.

मी चटईची वीण न्याहाळू लागले. गृहस्थांनी पेला खाली ठेवला.

"म्हणजे मी लिहीत होतो," ते हळूहळू म्हणाले, "की प्रत्येकाने आपापला गोंधळ आवरावा."

"हो," मी म्हटलं.

"आणि उद्या सकाळी गोंधळ बंद राहील."

"हो."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. पण त्यांचे खांदे हलू लागले आणि मग ते इतके हसले की प्रोफेसरांना त्यांच्या पाठीवर हात फिरवावा लागला. नाव बदलू या का, असं प्रोफेसरांनी विचारताच ते एकदम सावरले. "मुळीच नाही. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. बदलायचं तर डेटा बदला."

वसंतात आणखी डिस्क आल्या. या वेळी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. "नाव तुम्हीच द्या, पण दोन अर्थांचं हवं. आणि दोन्ही आधी सांगा."

आम्ही बराच वेळ डोकं लढवलं. शेवटी कोल्हापूर म्हणालं, "पसारा." मी समजावलं : विश्व जे दूरवर पसरलंय तोही पसारा, आणि आवरायचं राहिलेलं घर तोही पसारा.

त्यांनी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला. मग माझ्या टेबलाकडे वळले. तिथे कागदांचे गठ्ठे होते, न धुतलेले दोन कप, एक मोजा आणि कुणाचीतरी छत्री.

"पसारा," ते अगदी शुद्ध उच्चारात म्हणाले, आणि टाईप करायला बसले.