बाहेरचं बटण

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात मी संशोधन करत होते. उंदराच्या मेंदूत स्त्री-संप्रेरक नेमकं कुठे कुठे धरून ठेवलं जातं, त्याचा नकाशा काढायचा होता. किरणोत्सर्गी संप्रेरक उंदराला टोचायचं, मेंदूचे पातळ काप करायचे आणि फोटोचा लेप दिलेल्या काचांवर ते मिट्ट अंधारात चिकटवायचे. मग त्या काचा सहा महिने काळ्या डब्यात. जिथे संप्रेरक थांबलं असेल तिथे काळे ठिपके उमटणार. मध्येच जरा उजेड लागला तर अख्खी काच काळी पडून वाया.

आमची अंधारखोली म्हणजे पूर्वीचं कोठीघर. खिडकी विटांनी बुजवलेली आणि दिव्याचं बटण बाहेर, दाराशेजारी. त्यावर मी 'हात लावू नये' अशी पाटी चिकटवली होती, इंग्रजीत. तिथे येणारा-जाणारा एक शिपाई, त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याला मी तोंडीच सांगून ठेवलं होतं. पण संशोधन म्हटलं की पाटी इंग्रजीतच हवी, हा माझा तोरा.

त्या दुपारी मी तीन तास आत कोंडलेली होते. घामाच्या धारा, रसायनाचा वास, आणि काम संपेपर्यंत दार उघडायची सोय नाही. परदेशातून वर्षभराने आलेली संप्रेरकाची एकुलती एक कुपी याच कापांसाठी संपली होती. शिष्यवृत्तीही मार्चला संपणार होती. या काचा साधल्या तर पीएचडी, नाहीतर काहीच नाही.

दार वाजलं. अल्लीपूरहून वडील आले होते. शिपाई त्यांना दार दाखवून चहाला गेला होता.

"बाबा, थांबा जरा. अंधारात काम करून राह्यली."

"अंधारात काऊन वं बाई? डोये जातीन ना!"

आणि खट्कन बटण दाबलं गेलं.

मी काचांकडे बघत राहिले. उजेडात त्या अगदी चांगल्या दिसत होत्या. दार उघडलं. वडील तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन उभे होते.

"आता दिसते ना नीट?"

"हो बाबा," मी म्हणाले. त्या एका 'हो'मध्ये मी कायमची अडकले.

पुढे शाळेत नोकरी धरली. घरी पाहुणा आला की वडील सुरू व्हायचे, "मी गेलतो इच्या कालेजात. पोरगी अंधारात बसून राह्यली होती. मीनंच लाईट लावला." मग कौतुकाने माझ्याकडे बघायचे. मला राग यायचा, रडू यायचं, पण मान हलवावीच लागायची. त्यांना सांगणार काय? ती पाटी मराठीत असती तर ते चष्मा लावून एकेक अक्षर वाचत उभे राहिले असते, आणि बटणाला त्यांनी बोटही लावलं नसतं.