जोडीदाराची प्रार्थना

मंगळवारी अकोल्याहून फोन आला. माझा मित्र गेला होता.

आमची ओळख केनियातली. चर्चने आम्हा दोघांना तिथे जोडीने सेवेसाठी पाठवलं होतं. मी अमरावतीचा, तो तेल्हाऱ्याचा. तिथला रिवाज असा, की स्वतःसाठी काही मागायचं नाही. जोडीदाराने आपल्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. मी पुस्तकी मराठीत करायचो. तो म्हणायचा, "देवा, याले झोप लागू दे. हा मलेही झोपू देत नाही." मग डोळे मिटूनच विचारायचा, "हासून राह्यला का बे?"

परतल्यावरही दर रविवारी फोनवर हे चालू राहिलं.

आमच्या चर्चमध्ये गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. म्हणून आता रविवारी मी त्याच्या बायकोसाठी करतो. माझ्यासाठी करणारं कोणी नाही.